सदुसष्ट पाइपांची चक्कर

अनसिंग,
२८ नोव्हेंबर २०२४

आयत हिला जयभीम आणि आशीर्वाद.

तुमचा टेम्पो काल वळणाआड गेला आणि मला पहिली शंका आली ती ही, की तू आज पहाटे उठली नसशील. उठली असशील तर माफ कर. नसशील तर हे पत्र मिळेल त्या दिवसापासून ऊठ.

तुझे अब्बा मेहबूबभाई मला म्हणाले, "कापूस पिंजायचं मशीन घेऊन दोन-अडीच महिने गावोगाव फिरतो आम्ही. गाद्या शिवायले पोरगी लागते, तिले मांगं ठेवता येत नाई." ठीक आहे, पोटाचा धंदा आहे. पण पोलीस भरतीचं ग्राउंड फेब्रुवारीत आहे आणि ते तुमच्या गाद्यांसाठी थांबणार नाही. ही एक थंडी तुझी, यंदा नाही जमलं तर पुढच्या थंडीआधी निकाह, हेही त्यांनीच मला ऐकवलंय. तेव्हा टाळाटाळ परवडणारी नाही.

रोज अर्धा तास हळू पळायचं, मग आठशे मीटर घड्याळ लावून. वेळा कागदावर लिहून दर आठवड्याला पोस्टाने पाठवायच्या. फोन करायचा नाही. फोनवर माणूस गादीत लोळत सांगतो की मी आत्ताच पळून आलो. पोस्टाचा शिक्का गाव आणि तारीख दोन्ही सांगतो. शिवाय त्या गावातल्या एका माणसाची सही घे.

स्टॉपवॉच माझ्या प्रसेनजितचं आहे, जपून वापर. त्याची गोष्ट गावाने तुला सांगितलीच असेल. इथे सोळाशे मीटर पाच मिनिटं आठ सेकंदांत पळायचा, भरतीच्या ग्राउंडवर पाच एकोणीस लावले आणि एका मार्काने राहिला. घरी येऊन म्हणतो, "बाबा, तिथलं मैदान मोठं होतं." मी म्हणालो, मैदान सगळीकडे सारखंच असतं, माणूस लहान असतो. सहा वर्षं झाली. चाकणकडे कंपनीत आहे. आईला फोन करतो, मला नाही. तू असलं काही माझ्यासमोर बोलू नकोस.

माझ्या शेताभोवतीच्या चारशे मीटरच्या चक्करवर, दोन फेऱ्यांची तुझी शेवटची वेळ दोन एक्कावन्न आहे. मी लिहून ठेवली आहे.

पुंजाजी

*

मानोऱ्याजवळचा तांडा,
६ डिसेंबर

आदरणीय पुंजाजी काकांना सलाम.

मी उठले होते. त्या दिवशीही आणि रोजच. टेम्पोत गाठोड्यांवर झोपल्यावर उशिरापर्यंत झोपायची सोय नसते, कारण अम्मी पाचला गाठोडं ओढूनच काढते.

अंतर कसं मोजलं ते सांगते, नाहीतर तुम्ही विचारालच. गाद्यांच्या कापडासाठी अब्बांचा लोखंडी मीटर आहे. त्याने जाड दोरी वीस मीटर मोजून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. वीस वेळा दोरी टाकली की चारशे. तांड्याबाहेरच्या रस्त्यावर दगड ठेवून घेतले. जायचं आणि यायचं.

वेळा अशा: दोन अठ्ठावन्न, दोन सत्तावन्न, दोन एकोणसाठ, पुन्हा दोन सत्तावन्न. का, ते मला समजत नाही. दम तेवढाच लागतो, पाय तसेच चालतात. तुम्ही जे बोलू नकोस म्हणालात ते मी बोलत नाही.

पहिल्या दिवशी पाणी भरणाऱ्या बायांनी मला थांबवलं. "काहून पळून राह्यली वं पोरी? मांगं कोण लागलं?" मी म्हणाले, कोणी नाही, भरती आहे. एक म्हणाली, "मंग घागर घे, दोन्ही कामं होतीन." त्यांच्यातल्या केशरबाईंना सही येत नाही, म्हणून खाली अंगठा आहे.

तुमची,
आयत

*

अनसिंग,
११ डिसेंबर

आयत,

सहा-सात सेकंद म्हणजे हवेचा फरक नव्हे. सेकंदावर मार्क उतरतात आणि मार्कावर माणूस.

मी दोन दिवस विचार केला. गावोगावी लोक तुम्हाला जेवू घालत असतील आणि तू नाही म्हणत नसशील. किंवा दिवसभर सुई चालवून तुझी कंबर आखडली असेल. किंवा दोरी टाकताना तू ती ओढून ताणत असशील, म्हणजे अंतर वाढतं. यातलं काहीच नसेल तर मग राहतं एकच, आणि ते मला लिहायचं नाही.

अंगठा कोणाचाही असतो. पुढच्या वेळी लिहिता येणाऱ्या माणसाची सही हवी.

मी हे रागाने लिहीत नाही. नऊ वर्षांत एकोणीस पोरं मी फुकट पळवली. निवड झाली तिघांची. बाकीच्यांनी काय काय लपवलं ते मला नंतर कळलं: कोणी विडी ओढायचा, कोणाचं मन दुसरीकडेच होतं. काहींच्या बाबतीत भरतीतच वरून काहीतरी गडबड झाली असणार. काही लपवत असशील तर आताच सांग.

पुंजाजी

*

तांडा, मानोरा,
१७ डिसेंबर

आदरणीय काकांना सलाम.

सोबत शाळेतल्या गुरुजींची सही आहे. वेळा: दोन सत्तावन्न, दोन सत्तावन्न, दोन छप्पन्न.

दोरी मी अब्बांसमोर पुन्हा मोजली. वीसला वीस. तुम्ही ताणल्याचं लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं आणि चूक केली. मशीन बंद करून बाहेर आले. म्हणाले, "गिऱ्हाइकाले कपडा देताना म्या कधी बोटभर कमी नाई देल्ला. माहा मीटर खोटा असन तर माहा धंदाच खोटा. लिही तुह्या काकाले." म्हणून लिहिलं.

मी भाकरी एकच खाते. कंबर दुखते, पण ती अनसिंगलाही दुखायची.

खोटंच लिहायचं असतं तर मी दोन पन्नास नसतं का लिहिलं, काका? मी खोटं बोलून स्वतःला हळू कशाला करीन?

आयत

*

अनसिंग,
२२ डिसेंबर

आयत,

तुझा शेवटचा प्रश्न मला पटला होता. पत्र दोनदा वाचलं. तुझी काकू दुर्गाबाई म्हणाली, "पोरीवर कायले संशय घेता? लेकावर घेतला तेवढा पुरे नाई झाला काय?" 

पण आता मला काय समजलं ते ऐक. तांड्यावरचे रतनसिंग माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना सहज लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यांचा निरोप आला: चार दिवस सकाळी सहाला रस्त्यावर उभा होतो, पोरगी एकदाही पळताना दिसली नाही. दगड ठेवलेले आहेत, पोरगी नाही.

म्हणजे वेळा आल्या कुठून? सत्तावन्न, सत्तावन्न, छप्पन्न. हळूच सुधारत जाणारे आकडे लिहिणं अवघड नसतं. एकदम दोन पन्नास लिहिलं असतं तर मी पकडलं असतं, हे तुला ठाऊक आहे. तू हुशार आहेस.

मला वाईट वाटलं. तू तशी नाहीस असं मी सगळ्यांना सांगत होतो.

पुंजाजी

*

इंझोरी,
२८ डिसेंबर

पुंजाजी काका,

रतनसिंगबाबांनी मला स्वतःच सांगितलं. निघायच्या दिवशी चहा पाजला आणि म्हणाले, "तुह्या काकानं मले फोन केला. पोरगी पळते का नाई ते पाह्य म्हणे." मला फोन करू नकोस म्हणता आणि पहारा मात्र फोनवरून बसवता.

लपवलं होतं, ते खरं आहे. आता सांगते. नवव्या दिवशी पळून झाल्यावर मी तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, दम घेत बसले होते. राखणदाराने हात धरला. तुरीच्या शेंगा चोरीला जात होत्या आणि अंधार फिटायच्या आत शेतातून येणारी अनोळखी पोरगी त्याला चोरच वाटली. त्याने माझ्या ओढणीचा पदर झटकून पाहिला. शेंग निघाली नाही, स्टॉपवॉच निघालं, तर ते कुठून चोरलं म्हणून विचारलं. शाळेतले गुरुजी आले म्हणून सुटले. त्यांनीच सांगितलं, रस्त्यावर नको, शाळेच्या मागच्या पटांगणात सातला पळत जा, मी असतो. सही त्यांचीच होती. तुमचे रतनसिंगबाबा सहाला रस्त्यावर उभे होते.

हे तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही अब्बांना कळवलं असतं आणि अब्बांनी पळणंच बंद केलं असतं. म्हणून नाही लिहिलं.

त्या राखणदाराने माझा पदर झटकला, पण काही नाही सापडल्यावर सोडलं तरी. तुम्ही सोडतच नाही.

वेळ दोन छप्पन्न. आणि आता बोलतेच: तुमची चक्कर सोडून बाकी सगळीकडे आठशे मीटर मोठे आहेत. प्रसेनजितदादा बोलले होते तसेच.

आयत

*

अनसिंग,
२ जानेवारी

आयत,

राखणदाराचं वाचून मला झोप आली नाही. मेहबूबभाईंना मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. रतनसिंगला फोन केला ही माझी चूक. माफी मागतो. हे मी सहज लिहीत नाही, तू ओळखतेस मला.

पण तुझं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. तेच वाक्य घेऊन एक पोरगा माझ्या घरातून गेला. तेव्हा एकदाचा सोक्षमोक्ष लाव.

इंझोरीत हरभरा आहे, म्हणजे तुषार सिंचनाचे पाइप असतीलच. प्रत्येक पाइपवर सहा मीटर छापलेलं असतं. माझी चक्कर मी अशीच मोजली आहे: दोन शेजाऱ्यांचे पाइप मागून आणले, हरभऱ्याला लावतो तसे खटके लावून एकाला एक जोडले आणि धुऱ्याने फिरवले. सदुसष्ट पाइप, चारशे दोन मीटर, वरचे दोन सोडले. दोरी ताणली जाते, लोखंडी मीटरची टोकं झिजतात. कंपनीचा छापील आकडा झिजत नाही. तू तसंच मोज, साक्षीदारासमोर, आणि काय निघतं ते लिही.

पुंजाजी

*

इंझोरी,
९ जानेवारी

आदरणीय काकांना सलाम.

मोजलं. इथले शेतकरी दौलतराव हरभऱ्याचं पाणी संपवून पाइप उचलायच्याच बेतात होते. मी मागितले तर म्हणाले, "पाणी नाई, पीक नाई, रस्त्यावर पाइप कायले जोडून राह्यली? घे बापा, पण खटके मोडू नको." त्यांच्याकडे चाळीसच होते. चाळीस जोडले, शेवटी खुंटी मारली, मग मागचे सत्तावीस काढून पुढच्या टोकाला जोडले. दोरीने चारशेवर मारलेली खुंटी आधीच होती. तुमच्या हिशेबाने सदुसष्टावा पाइप तिच्या दोन मीटर पुढे जायला हवा होता.

तो तेरा मीटर अलीकडेच संपला.

मला वाटलं माझीच दोरी चुकली. तिथेच लोखंडी मीटरने पुन्हा मोजली, दौलतरावांसमोर. वीसला वीस. मग एक सुटा पाइप मोजला. तोही सहाला सहा, छापील आहे तसा. दोन्ही खरे आणि तरी तेरा मीटर कमी. दौलतराव डोकं खाजवत बसले.

मग पाइप सोडायला घेतले. खटका काढला, पाइप ओढला, आणि काका, मला दिसलं. सगळा पाइप चिखलाने माखलेला, पण टोकाचा वीतभर भाग काळा कुळकुळीत, स्वच्छ. तेवढा भाग पुढच्या पाइपच्या तोंडात शिरलेला असतो. प्रत्येक सांध्याला वीतभर. पाइप सहा मीटरचा, पण जोडल्यावर जमिनीवर दिसतो वीतभर कमी. सदुसष्ट पाइपांचे सहासष्ट सांधे.

दौलतराव म्हणाले, "वीस वर्सं झाले पाइप जोडून राह्यलो, हे कधी ध्यानातच नाई आलं." हरभऱ्याचं तेवढ्याने काही बिघडत नाही ना.

खाली त्यांची सही आहे. मला आनंद होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही.

आयत

*

अनसिंग,
२५ जानेवारी

आयत बेटा,

उत्तराला उशीर झाला. खरं कारण लिहितो.

तुझं पत्र आल्यावर आधी मी तुझ्यावर संशय घेतला, मग दौलतरावांवर, त्यांना मी ओळखतही नाही. मग पक्का पोलादी टेप आणला. दुर्गाबाईने एक टोक धरलं. चक्कर तीनशे सत्याऐंशी मीटर भरली. मग मी टेपवर संशय घेतला. दुसऱ्याचा टेप आणला. तीनशे सत्याऐंशी. तिसऱ्या वेळी आकडा पाहिला आणि धुऱ्यावरच बसून राहिलो.

तुझं दोन एक्कावन्न कधी नव्हतंच. तू पहिल्या दिवसापासून खरं लिहीत होतीस. तू रस्त्यात सुधारलीस आणि मी तुला घसरलीस म्हणत होतो.

नऊ वर्षं, एकोणीस पोरं. मी विडीवर संशय घेतला, भाकरीवर घेतला, भरतीवर घेतला. प्रसेनजितची बॅग उघडून पाहिली होती मी, तो झोपलेला असताना. काय शोधत होतो कोण जाणे. पाइप तेवढा सोडला.

आता काम. तीन आठवडे आहेत. तुझ्याच दोरीने मोज. साक्षीदार नको, सही नको. मी ग्राउंडवर येणार नाही. माझे डोळे पाठीवर घेऊन तू पळू नयेस.

पुंजाजी

*

अनसिंग,
२६ जानेवारी

प्रसेनजित,

मैदान मोठं होतं. तू बरोबर सांगत होतास.

आपली चक्कर तीनशे सत्याऐंशी मीटर आहे. पाइप जोडताना एकात एक शिरतो, ते मी धरलं नव्हतं. तुझे पाच आठ म्हणजे पाच एकोणीसच होते. मी म्हणायचो तसा तू शेवटच्या फेरीत घाबरला नव्हतास. तू रोज जेवढा पळायचास तेवढाच त्या दिवशी पळालास.

मी तुला लहान माणूस म्हणालो होतो. ते मी परत घेतो. परत घेऊन तुझी सहा वर्षं येत नाहीत, हे मला समजतं.

बाबा

*

कारंजा,
१५ फेब्रुवारी

आदरणीय काकांना सलाम.

परवा ग्राउंड झालं. इथून एसटीने अम्मीबरोबर गेले. तुम्ही याल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. फाटकाबाहेरच्या झाडामागे पांढरी टोपी दिसली, पण मी वळून पाहिलं नाही. तुम्हीच होतात ना? विचारत नाही. संशय घेण्यात मीही आता तुमच्यासारखी झाले आहे.

दोन त्रेपन्न. पूर्ण मार्क नाहीत, पण लेखी परीक्षेच्या यादीत नाव आहे. अब्बांनी यादीवरचं नाव तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "लेखी होवू दे, मंग पाहू निकाहचं." लोखंडी मीटर आता टेम्पोत पुढे, स्वतःजवळ ठेवतात.

सुटताना भीती वाटली होती. पण काका, ते मैदान तेवढंच होतं. आठशेच. एक पाऊलही जास्त वाटलं नाही.

स्टॉपवॉच कोणाला परत देऊ?

आयत

*

चाकण,
२० फेब्रुवारी

ती. बाबांना जयभीम.

तुमचं पत्र तीन आठवडे माझ्या बॅगेत आहे. अक्षर तुमचं होतं, पण मजकूर तुमचा वाटेना. आईने कोणाकडून लिहून घेतलं असेल म्हणून पाकिटावरचा शिक्का पाहिला. अनसिंगचाच. तरी आईला फोन केला. ती म्हणाली, "टेपचं दुसरं टोक म्याच धरलं होतं. तीन डाव मोजलं त्याईनं. तिसऱ्या डावाले उठलेच नाईत."

एक गोष्ट मीही लपवली आहे. सहा वर्षांत मी चार खोल्या बदलल्या, शिफ्ट तर दर आठवड्याला बदलते, पण पळणं सोडलं नाही. दिवसपाळी असो की रात्रपाळी, कंपनीमागच्या रस्त्यावर रोज. तिथे किलोमीटरचे दगड आहेत. पहिल्याच महिन्यात दगड ते दगड पळालो आणि मला कळलं की आपली चक्कर लहान आहे. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही दगड चुकीचा बसवलाय म्हणाला असता. मला तर वाटत होतं, तुम्हाला कधी कळूच नये, तुम्ही असंच चुकत राहावं. माझ्यानंतर किती पोरं त्या चक्करवर पळाली, त्यांचा अर्धा दोष माझा आहे.

बॅगेचं मला तेव्हाच माहीत होतं. मी झोपलो नव्हतो.

शनिवारी येतोय, दोन दिवसांची सुट्टी टाकली आहे. टेप माझा मी आणतो, तुमच्या मोजण्यावर माझा अजून विश्वास नाही. चक्कर नव्याने आखू. आईला त्रास नको. दुसरं टोक तुम्ही धरा.

प्रसेनजित